संघटनेतली वर्षे सेवेत धरा

शिक्षक निवृत्त होतो तेव्हा त्याच्या नावावर जमा धरली जातात ती वर्षे वर्गातली असतात. कोणत्या इयत्तेला कोणता विषय किती वर्षे शिकवला, बढती केव्हा मिळाली, रजा किती घेतली, याची नोंद कागदोपत्री सापडते. त्याच तीस-पस्तीस वर्षांत त्याने आपल्या विषयाच्या किंवा पेशाच्या संघटनेसाठी जे संध्याकाळचे तास, जे सुटीचे दिवस आणि बऱ्याचदा जी पदरची रक्कम खर्च केली असेल, त्यांच्यासाठी मात्र कोणत्याही दप्तरात रकाना नसतो. निरोपाच्या भाषणात 'संघटनात्मक कार्यातही त्यांचा मोलाचा वाटा होता' एवढे एक वाक्य वाट्याला येते आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. हा प्रकार केवळ कृतघ्नपणाचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. अध्यापन हा पेशा म्हणजे नेमके काय, याविषयीची एक चुकीची समजूत या रिकाम्या रकान्यामागे आहे. शिक्षकाचे काम वर्गाचे दार लावल्यावर सुरू होते आणि ते उघडल्यावर संपते, अशी ती समजूत आहे. माझे म्हणणे असे की संघटनेतली सेवा हा अध्यापनाचाच भाग मानला पाहिजे, तिच्यासाठी नोकरीच्या वेळेतून भरपगारी वेळ दिला पाहिजे आणि त्या बदल्यात संघटनांकडून काही शिस्तीची मागणीही केली पाहिजे.

अनुभवी शिक्षकाजवळ असलेले ज्ञान कशा प्रकारचे असते, ते एका उदाहरणावरून पाहू. दशांश अपूर्णांकांची तुलना शिकवताना मुलांना ०.३५ आणि ०.४ यांपैकी मोठी संख्या कोणती असे विचारले, की काही मुले ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस ही संख्या चारपेक्षा मोठी आहे. ही चूक नव्या शिक्षकालाही पहिल्याच वर्षी कळते. पण ज्या मुलांनी ०.४ हे बरोबर उत्तर दिले, त्या सगळ्यांना दशांश समजले आहेत असे धरून तो पुढे जातो आणि तेथेच फसतो. त्या मुलांपैकी काहींनी मनाशी वेगळाच नियम बांधलेला असतो: दशांशचिन्हानंतर जितके अंक जास्त, तितके तुकडे बारीक आणि म्हणून संख्या लहान. हा नियम ०.३५ आणि ०.४ या जोडीला बरोबर उत्तर देतो. त्याच मुलांना ०.४ आणि ०.४५ ही जोडी दिली की ती ०.४ मोठी म्हणतात आणि नियम उघडा पडतो. म्हणजे हा प्रश्न एका जोडीने विचारून भागत नाही. दोन जोड्या लागतात आणि त्या कोणत्या असाव्यात हेही ठरवावे लागते. पाठ्यपुस्तकात हे बहुधा नसते. गणिताच्या पदवीत तर नसतेच, कारण गणितज्ञाला त्याची गरज पडत नाही. ज्याने वर्षानुवर्षे मुलांच्या वह्यांमधली चुकीची उत्तरेच नव्हे, तर बरोबर उत्तरेही संशयाने वाचली आहेत, त्याच्याजवळ ते असते.

आता प्रश्न असा की तो शिक्षक निवृत्त झाला म्हणजे या दोन जोड्यांचे काय होते. शेजारच्या वर्गातल्या शिक्षिकेला त्या ठाऊक असतील तर तो योगायोग. त्याच्या जागी येणारा तरुण शिक्षक पहिल्या जोडीपासून सुरुवात करील आणि दुसरी त्याला सापडेपर्यंत मुलांच्या कित्येक तुकड्या चुकीच्या नियमासह पुढच्या इयत्तेत गेलेल्या असतील. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये अशा ज्ञानाला एक स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता द्यावी असा आग्रह धरला. विषयाचे ज्ञान वेगळे, शिकवण्याची सर्वसाधारण तंत्रे वेगळी आणि हा विशिष्ट विषय या विशिष्ट वयाच्या मुलांना कसा शिकवावा याचे ज्ञान वेगळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढच्याच वर्षी त्यांनी असेही नोंदवले की अध्यापनाच्या पेशाला सामूहिक विस्मरणाचा रोग आहे. या पेशातली उत्तम कामगिरी पुढच्यांसाठी नोंदली जात नाही. न्यायाधीशाचा निकाल छापला जातो आणि पुढच्या खटल्यात त्याचा आधार घेता येतो. डॉक्टरला आढळलेला अपवादात्मक रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात पोहोचतो. शिक्षकाच्या उत्कृष्ट तासाचे साक्षीदार फक्त विद्यार्थी असतात आणि त्यांना त्या तासाची कारागिरी कळण्याचे कारण नसते.

हा एकटेपणा काही आजचा नाही. एला फ्लॅग यंग या शिकागोतल्या शिक्षिकेने १८६२ साली, म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास, शिकवायला सुरुवात केली. पुढे त्या प्रशासनात गेल्या आणि १९०० साली, पन्नाशी उलटल्यावर, तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता शाळेतला एकाकीपणा: शिक्षक एकमेकांपासून तुटलेले, अभ्यासक्रम ठरवणारे आणि शिकवणारे वेगळे, वरून आलेला आदेश खाली राबवायचा एवढेच शिक्षकाच्या हाती उरलेले. १९०९ मध्ये त्या शिकागोच्या शाळांच्या अधीक्षक झाल्या आणि १९१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. ही संघटना १८५७ साली स्थापन झाली तेव्हा तिच्या घटनेत सभासद म्हणून पुरुषच धरलेले होते आणि ते कलम १८६६ मध्ये बदलले गेले. प्राथमिक वर्ग बहुतांशी ज्या शिकवत होत्या त्या शिक्षिकांपैकी एकीला अध्यक्षपदापर्यंत पोहोचायला अर्धशतक लागले. एकाकीपणावर ज्या बाईंनी प्रबंध लिहिला, त्यांनीच संघटनेचे काम आयुष्यभर सोडले नाही, हे मला मुळीच आश्चर्याचे वाटत नाही. रोगाचे निदान करणाऱ्याने औषधही तेच घेतले.

संघटनेतल्या चिकाटीने काय साधते, याचे मला सर्वांत शिकवून जाणारे उदाहरण इंग्लंडमधल्या गणित-शिक्षकांचे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही तिथल्या शाळांत भूमिती म्हणजे प्राचीन ग्रीक गणितज्ञ युक्लिडचा ग्रंथ. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो ग्रंथ, त्यातला प्रमेयांचा क्रम आणि पुष्कळदा त्यातली वाक्येसुद्धा मुलांनी तोंडपाठ करायची, कारण परीक्षेत तेच विचारले जाई. परीक्षा विद्यापीठांच्या हाती होत्या आणि एकट्या शिक्षकाने वर्गात कितीही सुंदर भूमिती शिकवली तरी त्याच्या मुलांना परीक्षेत युक्लिडच्या क्रमाने लिहिणे भाग होते. बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स शाळेतले गणिताचे शिक्षक रॉडन लेव्हेट यांनी १८७० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून या विरोधात संघटित होण्याचे आवाहन केले आणि १८७१ मध्ये भूमितीचे अध्यापन सुधारण्यासाठी एक संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष थॉमस हर्स्ट हे मोठे गणितज्ञ होते. चिटणीसपदाची दगदग मात्र लेव्हेट यांच्यासारख्या शाळामास्तराने उचलली. १८७५ मध्ये संघटनेने भूमितीचा पर्यायी अभ्यासक्रम तयार करून छापला. विद्यापीठांनी तो उचलून धरला नाही. संघटनेचे काम मंदावले, पुन्हा उभे राहिले. १८९४ मध्ये तिने स्वतःचे नियतकालिक काढले, १८९७ मध्ये नाव बदलून गणित संघटना असे व्यापक नाव घेतले. आणि १९०३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने युक्लिडच्या क्रमाची सक्ती काढली. त्याला इतरही कारणे होती; जॉन पेरी या अभियंत्याने १९०१ मध्ये गणिताच्या शालेय अध्यापनावर जाहीर व्यासपीठावरून केलेली टीका त्यांत महत्त्वाची. पण पेरींच्या टीकेनंतर दार किलकिले झाले तेव्हा आत जायला तयार असलेली माणसे, लिहून ठेवलेले अभ्यासक्रम आणि वादविवादाचा साठा संघटनेजवळ होता, कारण बत्तीस वर्षे कोणीतरी बैठका बोलावत होते, इतिवृत्ते लिहीत होते आणि वर्गणी गोळा करत होते.

ही बत्तीस वर्षे कोणत्याही एका शिक्षकाच्या गौरवात मावत नाहीत, हे लक्षात घेतले पाहिजे. १८७१ च्या पहिल्या सभेला आलेल्यांपैकी कित्येकांना १९०३ चा निर्णय पाहायला मिळाला नसेल. वर्गातल्या कामाचे फळ निदान वर्षअखेरीस निकालपत्रकात दिसते. संघटनेतल्या कामाचे फळ पिढी उलटल्यावर आणि दुसऱ्याच कोणाच्या नावावर दिसते. म्हणूनच या कामाला वैयक्तिक उत्साहाच्या भरवशावर सोडणे धोक्याचे आहे. उत्साह फार तर पाच-सात वर्षे टिकतो.

या कामाचे स्वरूप बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसते, म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. विषय-शिक्षकांच्या संघटनेचा चिटणीस म्हणजे बहुधा पूर्ण वेळ शिकवणारा माणूस. सभासदांची यादी अद्ययावत ठेवणे, वर्गणी थकलेल्यांना तिसऱ्यांदा पण सौजन्याने पत्र लिहिणे, अधिवेशनासाठी सभागृह मिळवणे, आलेल्या निबंधांतले कोणते वाचनाला घ्यायचे यावर समितीत एकमत घडवणे, मुखपत्राची मुद्रिते तपासणे, हिशेब लेखापरीक्षकापुढे ठेवणे आणि सर्वसाधारण सभेत एखाद्या ज्येष्ठ सभासदाने दरवर्षी विचारायचा तोच प्रश्न विचारला की दरवर्षी तेवढ्याच शांतपणे उत्तर देणे. यांत भव्य असे काही नाही. पण दशांशांच्या त्या दोन जोड्या ज्या शिक्षिकेने शोधल्या, तिने त्या लिहाव्यात म्हणून तिच्यामागे लागणारा, तिच्या अर्ध्या पानाचे चार पानांचे टिपण करून घेणारा आणि ते तीनशे शाळांपर्यंत पोहोचवणारा माणूस हाच असतो. तो नसेल तर ते टिपण लिहिलेच जात नाही. चांगल्या शिक्षकांना आपण जे करतो ते लिहिण्यासारखे आहे असे सहसा वाटत नाही. त्यांना तसे वाटायला लावणे हे संपादकाचे काम आहे आणि संघटनेत ते काम करणारा संपादकही शिक्षकच असतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की ही सोय सरकारी प्रशिक्षणाने होते, त्यासाठी संघटना कशाला. आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, कारण प्रशिक्षणावर सरकारे पुष्कळ खर्च करतात आणि सक्तीने उपस्थितीही मिळवतात. पण प्रशिक्षणाचा प्रवाह वरून खाली वाहतो. नवा अभ्यासक्रम आला, नवी मूल्यमापन-पद्धती आली की ती शिक्षकांना समजावून देणे हे त्याचे काम आणि ते आवश्यकच आहे. ज्या गोष्टी वर कोणालाच ठाऊक नाहीत आणि खाली एखाद्याच वर्गात सापडल्या आहेत, त्या गोळा करण्याची यंत्रणा त्यात नसते. शिवाय प्रशिक्षणात शिक्षकाने अधिकाऱ्यापुढे 'हे माझ्या वर्गात जमले नाही' असे म्हणणे त्याला परवडत नाही. सहकाऱ्यांपुढे ते म्हणता येते. जपानमध्ये पाठ-अभ्यासाची जी परंपरा गेली शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे, तिचे मर्म हेच आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, त्यांतला एक तो प्रत्यक्ष वर्गात घेतो आणि बाकीचे मागे बसून पाहतात. पाहायचे असते ते मुलांकडे, शिक्षकाकडे नव्हे: अमुक प्रश्नाला अमुक मुलगी का अडली, फळ्यावरची दुसरी आकृती पाहून कोणाच्या चेहऱ्यावर काय बदलले. नंतरच्या चर्चेत पाठ सगळ्यांचा असल्यामुळे त्यातली चूकही सगळ्यांची असते. असा मोकळेपणा परिपत्रक काढून आणता येत नाही. समव्यावसायिकांच्या दीर्घ सहवासातून तो येतो आणि तो सहवास टिकवणारी चौकट म्हणजे संघटना.

भारतातही याची उदाहरणे आहेत. गणित-शिक्षकांची अखिल भारतीय संघटना १९६५ मध्ये चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, स्थापन झाली. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची संघटना १९८४ मध्ये प्रा. डी. पी. खंडेलवाल यांच्या पुढाकाराने कानपूरला सुरू झाली. भारतीय विद्यार्थी आंतरराष्ट्रीय विज्ञान ऑलिम्पियाडला जातात तेव्हा त्यांच्या निवडीचा पहिला टप्पा असलेल्या देशव्यापी परीक्षा याच शिक्षक-संघटनेने घेतलेल्या असतात. प्रश्नपत्रिका काढणे, भाषांतर, केंद्रे, निकाल, या सर्वांमागे वर्ग सांभाळून हे करणारे शिक्षक आहेत. मुलाने पदक आणले की छायाचित्र मुलाचे येते आणि ते योग्यच आहे. पण त्या शिक्षकांनी परीक्षेच्या कामासाठी घेतलेली रजा त्यांच्या किरकोळ रजेतून वजा झाली असेल, तर ती व्यवस्थेची लाज आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. शिक्षक-संघटना म्हणजे शेवटी पगाराची आणि बदल्यांची भांडणे, ज्ञानाचा तिथे काय संबंध, असे सुशिक्षित मंडळीही सहज बोलून जातात. विषयाच्या संघटना सात्त्विक आणि हक्कांच्या संघटना राजकारणी अशी विभागणी करून पहिलीला टाळ्या आणि दुसरीला नाके मुरडणे सोयीचे आहे, पण ती विभागणी वस्तुस्थितीला धरून नाही. मार्गारेट हेली यांनी शिकागोतल्या कत्तलखान्यांजवळच्या कामगारवस्तीत सोळा वर्षे सहावीच्या वर्गाला शिकवले. १८९७ मध्ये तिथल्या शिक्षिकांची संघटना स्थापन झाली आणि थोड्याच वर्षांत शिक्षण मंडळाने कबूल केलेली पगारवाढ पैसे नाहीत म्हणून थांबवली. हेली आणि त्यांच्या सहकारी कॅथरिन गॉगिन यांनी पैसे नाहीत हे उत्तर मान्य न करता करनोंदी उघडल्या. त्यांना आढळले की शहरातल्या रस्त्यांवर ट्राम, गॅस आणि विजेची मक्तेदारी भोगणाऱ्या कंपन्यांच्या मक्त्यांवर करच आकारला जात नव्हता. शिक्षिका न्यायालयात गेल्या आणि १९०१ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९०४ मध्ये राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या सेंट लुइसच्या अधिवेशनात हेलींनी शिक्षकांनी संघटित का व्हावे यावर भाषण केले, तेव्हा पगाराच्या जोडीने त्या नोकरीची अशाश्वती, दाटीवाटीचे वर्ग आणि शिक्षकाला कारखान्यातला हुकमाचा ताबेदार करून टाकणारी पद्धत यांविषयीही बोलल्या. तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी त्या एकाच मुळातून आलेल्या होत्या. साठ मुलांच्या वर्गात कोणीही प्रत्येकाची वही संशयाने वाचू शकत नाही; दशांशांची दुसरी जोडी सापडायला वर्ग आटोक्यातला लागतो, त्यासाठी पैसा लागतो आणि पैशासाठी कोणाला तरी करनोंदी उघडाव्या लागतात. हेली १९०० मध्ये वर्ग सोडून पूर्ण वेळ संघटनेच्या कामाला लागल्या आणि १९३९ मध्ये निधन होईपर्यंत त्यातच राहिल्या. त्यांनी शिक्षिकेचा पेशा सोडला असे मी म्हणणार नाही.

भरपगारी वेळाची मागणी कोणाला अवाजवी वाटत असेल तर त्याने १९६६ चा दस्तऐवज पाहावा. त्या वर्षी ५ ऑक्टोबर रोजी पॅरिसमध्ये युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस संमत झाली. १९९४ पासून जागतिक शिक्षक दिन त्याच तारखेला पाळला जातो, पण शुभेच्छांच्या गर्दीत तिच्यात लिहिले आहे काय, हे फारसे कोणी सांगत नाही. शिक्षकांच्या संघटना हे शैक्षणिक प्रगतीला हातभार लावणारे मोठे बळ आहे आणि म्हणून शैक्षणिक धोरण ठरवताना त्यांना सहभागी करून घ्यावे, असे तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. पुढे रजेच्या प्रकरणात तर स्पष्टच आहे की संघटनेच्या कार्यात भाग घेता यावा म्हणून शिक्षकांना प्रसंगानुसार पूर्ण वेतनासह रजा मिळावी आणि संघटनेतले पद स्वीकारण्याचा त्यांना हक्क असावा. शिफारस बंधनकारक नसते, हे खरे. पण या विचाराला साठ वर्षे होत आली आहेत, एवढे त्यावरून सिद्ध होते.

आता तिसरा आक्षेप, जो मला सर्वांत गंभीर वाटतो आणि ज्याला माझ्याजवळ अर्धेच उत्तर आहे. संघटनेत दीर्घ काळ राहिलेली माणसे संघटनाच बळकावतात. पंचवीस वर्षे सेवा या शब्दांचा व्यवहारातला अर्थ पुष्कळदा पंचवीस वर्षे तीच खुर्ची असा होतो. पदाधिकारी असल्यामुळे सोयीची शाळा मिळते, तास कमी मिळतात, अधिकाऱ्यांच्या दालनात थेट प्रवेश मिळतो आणि वर्गात शिकवणे हळूहळू नावापुरते उरते. अशा व्यक्तीच्या संघटनसेवेला नोकरीच्या हिशेबात धरा, असे म्हणणे म्हणजे एका रोगाला अनुदान देणे आहे, असे कोणी म्हटले तर मी त्याला खोडून काढणार नाही. संघटना आपल्या आतल्यांचे संरक्षण करताना बाहेरच्यांवर अन्यायही करतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शिक्षकांना १९०४ मध्ये स्वतःची वेगळी राष्ट्रीय संघटना काढावी लागली, कारण वर्णविभक्त राज्यांमधल्या गोऱ्या शिक्षकांच्या संघटनांची दारे त्यांना बंद होती. ती संघटना राष्ट्रीय शिक्षण संघटनेत विलीन व्हायला १९६६ साल उजाडावे लागले. ब्रिटनमध्ये समान वेतनाच्या प्रश्नावर आपल्या संघटनेचे पुरुष सहकारी ठाम उभे राहत नाहीत असे पाहून शिक्षिकांनी वेगळी चूल मांडली. त्यांच्या राष्ट्रीय संघाने पुढे चार दशके समान वेतनासाठी लढा दिला.

म्हणून माझी मागणी सरसकट नाही. संघटनेतली सेवा नोकरीत धरायची असेल तर ती पदावरून नव्हे, कामावरून धरली पाहिजे. पाच वर्षे सरचिटणीस होते, या नोंदीला माझ्या लेखी शून्य किंमत आहे. त्या पाच वर्षांत मुखपत्राचे अंक वेळेवर निघाले का, त्यांत वर्गशिक्षकांनी लिहिलेले किती होते, विद्यार्थ्यांच्या चुकांचा किंवा पाठांचा कोणता संग्रह तयार झाला, अभ्यासक्रमाच्या मसुद्यावर संघटनेने कोणता लेखी अभिप्राय दिला, नव्या शिक्षकांपैकी कितींना कोणी आपल्या वर्गात बसवून घेतले, हे नोंदवता येते आणि ते काम झाले की नाही हे इतर सभासद सांगू शकतात. यातले प्रत्येक काम कागदावर आणि माणसांत दिसणारे आहे. गुणांकन करून त्याचे प्रमाणपत्र देण्याच्या मी विरोधात आहे, कारण गुण आले की कार्यशाळा गुणांसाठी भरू लागतात. जिथे जिथे अनिवार्य तासांची सक्ती आली तिथे उपस्थितीपटावर सही करून मागच्या दाराने जाणारे शिक्षक आपण सर्वांनी पाहिले आहेत. सेवानोंदीत कामाचे साधे वर्णन असावे, त्यावर दोन सहकाऱ्यांच्या सह्या असाव्यात आणि मुख्याध्यापक किंवा अभ्यासक्रम-समितीचा सदस्य निवडताना ते वाचले जावे, एवढे पुरे. बदलीत किंवा नेमणुकीच्या ठिकाणात त्याचा उपयोग मुळीच होता कामा नये. हे कलम काढले तर बाकी सगळे व्यर्थ आहे.

वेळाच्या बाबतीत, चिटणीस आणि संपादक यांच्या आठवड्याच्या तासिकांमधून दोन-तीन तासिका कमी कराव्यात आणि त्यांचा भार उचलणाऱ्या शिक्षकाच्या मेहनतान्याची तरतूद करावी. पूर्ण वेळ वर्गातून काढून घेणे मात्र मला मान्य नाही, निदान विषयाच्या संघटनांपुरते तरी. हेलींसारखी हक्कांची लढाई पूर्ण वेळ मागते, ते वेगळे. ज्याने वर्ग सोडला त्याला दशांशांची तिसरी जोडी कधीच सापडणार नाही आणि मुखपत्रात काय घ्यावे याचा त्याचा निवाडाही दोन-तीन वर्षांत शिळा होतो. पदाला मुदत असावी आणि सलग दोन मुदतींनंतर पदाधिकाऱ्याने पद सोडावे, काम नव्हे. निवृत्त शिक्षकांसाठीही हाच नियम असावा. त्यांनी कार्यकारिणीतून बाहेर पडावे आणि तरुण शिक्षकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसण्यासाठी, त्यांच्या टिपणांचे संपादन करण्यासाठी यावे. या कामासाठी त्यांना प्रवासखर्च आणि मानधन देणे व्यवस्थेला सहज परवडेल.

गौरवाचे म्हणाल तर त्याचीही चांगली रीत अस्तित्वात आहे. स्कॉटलंडमधल्या शिक्षकांची संघटना १८४७ मध्ये स्थापन झाली. जगातल्या सर्वांत जुन्या शिक्षक-संघटनांत ती मोडते. तिला मिळालेल्या राजसनदेमुळे शिक्षणक्षेत्रातल्या सेवेबद्दल स्वतःची पदवी देण्याचा अधिकार तिच्याकडे आहे. म्हणजे शिक्षकाची योग्यता काय हे तिथे शिक्षकच ठरवतात; मंत्र्याच्या हस्ते पुरस्कार घेण्यासाठी अर्ज भरून, त्याला आपल्याच कार्याची छायाचित्रे जोडावी लागत नाहीत. आपला पुरस्कार आपणच मागण्याची ही पद्धत शिक्षकाच्या पेशाला शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ती बंद करण्याला सरकारची परवानगी लागत नाही. संघटनांनी आपल्या सभासदांना अर्ज करू नका असे सांगितले की झाले.

ब्रिटनमधल्या शिक्षिकांच्या त्या वेगळ्या संघाची गोष्ट वर अर्धीच सांगितली. १९५५ मध्ये सरकारने समान वेतन टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे मान्य केले आणि १९६१ मध्ये ते पूर्णपणे लागू झाले. त्याच वर्षी संघाने आपले काम संपल्याचे ठरवून स्वतःचे विसर्जन केले. त्याची कागदपत्रे मात्र जपली गेली आणि अभ्यासकांना आज ती वाचता येतात. आपल्या संघटनांमध्ये दीर्घ सेवेचा सत्कार करताना यापुढे दोनच प्रश्न विचारावेत: या व्यक्तीने कोणते काम पुरे केले आणि त्याचे कागद कोठे आहेत.